अकरा ते चार

मी कणखर आहे, असं माझ्याबद्दल बरेच लोक बोलतात. ऑफिसात बोलतात, चाळीत बोलतात, सासरचे तर जरा जपूनच बोलतात. बाविसाव्या वर्षी माझंही माझ्याबद्दल हेच मत होतं आणि त्याचा मला चांगला ताठा होता. तो एका दुपारी जिन्याच्या पायरीवर उतरला.

मी तेव्हा ट्रंक टेलिफोन ऑपरेटर होते. आता घरबसल्या परगावचा नंबर फिरवता येतो, त्यामुळे आमचं काम काय होतं ते मुलांना सांगावं लागतं. परगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे कॉल नोंदवायचा. आम्ही चिठ्ठीवर दोन्ही नंबर लिहून घ्यायचे, लाइन मिळेल तशी जोडून द्यायची, तीन मिनिटं झाली की सांगायचं आणि तोडायची. धोबीतलावाजवळच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लांबच लांब बोर्ड होता. त्यावर बारीक दिवे आणि भोकं, खाली दोऱ्यांना लावलेले प्लग, आणि समोर उंच स्टुलांवर आम्ही बायका, कानाला हेडफोन, खांद्याला खांदा. उठायचं तर हात वर करायचा आणि बदली बाई येईपर्यंत थांबायचं. कितीही घाई असली तरी थांबायचं. हे काम पुरुषांना का देत नाहीत, असं आमच्यातली एक नेहमी विचारायची. माझं उत्तर ठरलेलं होतं, ‘ते थांबतील का?’

बोलायची वाक्यंसुद्धा ठरलेली. ‘ट्रंक्स’, ‘सॉरी टु कीप यू वेटिंग’, ‘लाइन आउट ऑफ ऑर्डर आहे’. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी आपण यापलीकडे जायचं नाही. आणि गिऱ्हाईक काहीही बोलायचं. लाइन आमच्या खिशात असते आणि मुद्दामच आम्ही ती देत नाही, असा सगळ्या मुंबईचा समज होता. वर मागून सुपरवायझर मॅडम फिरायच्या. दादरच्या, पन्नाशीच्या, पांढरी साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. बुटांचा आवाज यायचा नाही, हाच त्या बुटांचा उपयोग. मधेच आपल्या टेबलाशी बसून त्या कुणाचीही लाइन ऐकत आणि चूक झाली की वहीत टिपत.

या सगळ्याला तोंड द्यायची प्रत्येकीची रीत वेगळी. माझ्या डाव्या हाताला खोताच्या वाडीतली एक ख्रिस्ती बाई बसायची, वयानं आमच्याहून बरीच मोठी. तिला सगळ्या आंटी म्हणत. बोर्डावर एक कळ असे. ती पुढे ढकलली की आपला आवाज गिऱ्हाइकाला जातो, मागे ओढली की जात नाही, पण त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येतं. आंटी कळ मागे ओढायची, गिऱ्हाइकाला त्याच्या बापासकट शिव्या घालायची, कळ पुढे ढकलायची आणि मधाळ आवाजात म्हणायची, ‘सॉरी टु कीप यू वेटिंग, सर.’ दिवसातून तीस वेळा. घरी जाताना तिचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा असायचा.

मी ही विद्या तिच्याकडून पहिल्याच महिन्यात उचलली. तिची खास शिवी बोंबलाची होती. ‘तोंडात सुका बोंबील कोंबीन मेल्या, मग बघते कसा बोलतोस!’ आमच्या घरी बोंबील येत नसे, पण शिवीला सोवळंओवळं नसतं.

मग आमच्यात नायगावची मुलगी आली.

ती बीडीडी चाळीतली. वडील गिरणीत, आई घरी, पाठची तीन भावंडं. तिच्या समाजातली, तिच्या चाळीतली सरकारी नोकरीला लागलेली ही पहिली मुलगी. ती पहिल्या दिवशी कामाला निघाली तेव्हा खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंतची माणसं गॅलरीत उभी होती, हे तिनंच मला सांगितलं. अभिमानानं नव्हे. ‘आता मला काढून टाकलं तर तेवढ्याच माणसांसमोरून वर जावं लागेल, ताई,’ असं म्हणाली. तिची सहा महिन्यांची उमेदवारी होती. शेवटी सुपरवायझर मॅडम शेरा लिहिणार, त्यावर कायम व्हायचं की घरी जायचं ते ठरणार.

आणि पोरगी तर दिवा लागला की दचकायची. प्लग धरलेला हात थरथरायचा. कुणी आवाज चढवला की हिचा आवाज इतका खाली जायचा की गिऱ्हाईक आणखी ओरडायचं. अक्षर सुंदर, डोकं तल्लख, चिठ्ठ्या सगळ्यांत नीट हिच्या. पण मॅडम पाठीशी आल्या की अंग चोरून बसायची. मॅडमच्या वहीत तिच्या नावाचं पान भरत चाललं होतं.

ती माझ्या उजव्या हाताला बसायची, तेव्हा तिला घडवायची जबाबदारी माझीच, असं मी ठरवून टाकलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. कणखर माणसांना असल्या जबाबदाऱ्या आपोआप दिसतात.

‘हे बघ, कळ मागे ओढायची आणि मनात येईल ते बोलायचं,’ मी म्हटलं. ‘आत ठेवायचं नाही.’

‘ताई, शिवी द्यायलाच हवी का?’

‘हवीच.’

‘कुठली देऊ?’

मी तीन सांगितल्या. पहिली सौम्य, दुसरी मध्यम, तिसरी बोंबलाची. तिनं दुसऱ्या दिवशी प्रयत्न केला. अहमदाबादचा कॉलवाला खेकसला, हिनं कळ मागे ओढली, मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, ‘मेल्या.’ लगेच पुढे, ‘माफ करा हं.’ बंद कळीला माफ करा! आंटी इतकी हसली की तिच्या हातून चालू कॉल तुटला. त्याबद्दल आंटीच्याही पानावर एक चूक लागली.

‘अगो, तिला सोड,’ आंटी मला म्हणाली. ‘ती तशीच हाय. आपण आपल्यासारख्या.’

हे मला पटायचं नाही. माझं म्हणणं, जमत नसेल तर शिकावं. मीही नवी होतेच की. मलाही पहिलं वर्ष स्प्लिट ड्युटीच होती. स्प्लिट म्हणजे सकाळी सात ते अकरा आणि मग दुपारी चार ते रात्री आठ. गर्दीच्या दोन्ही वेळा त्यात येतात, म्हणून नव्या मुलींना तीच लावत. सरळ ड्युटी, म्हणजे सकाळी आठ ते तीन, मला नुकतीच मिळाली होती. ‘मी वर्षभर स्प्लिट केली, मला काय झालं?’ असं मी नायगावच्या मुलीला निदान पाच वेळा ऐकवलं असेल. ती ‘हो ताई’ म्हणायची.

मला काही झालं नाही, कारण अकरा वाजता मी उठून घरी जायची. ठाकुरद्वारला आमची चाळ, पायी बारा मिनिटं. आईनं गरम भात वाढलेला असायचा. जेवून चटईवर तासभर झोप. उठून चहा, तोंड धुऊन, वेणी नव्यानं घालून चारला पुन्हा बोर्डावर. म्हणजे मी दिवसाला एक ड्युटी करत नव्हतेच, दोन छोटे दिवस करत होते, मधे एक रात्र घालून. पण हे तेव्हा माझ्या डोक्यात कुठे होतं? मला वाटायचं हा माझा स्वभाव.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. गिरगावात तर घराबाहेर पाऊल टाकलं की सभा, नाहीतर मोर्चा, नाहीतर नुसती भिंतीभोवती जमलेली माणसं. आम्ही सरकारी नोकर, आम्हाला घोषणा द्यायला बंदी. पण मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे याबद्दल आमच्यातल्या एकीलाही शंका नव्हती. आंटी म्हणायची, ‘माझे पूर्वज इथं होते तेव्हा दिल्लीवाल्यांना समुद्र कशाला म्हणतात तेपण ठाऊक नव्हतं.’ हे ती कळ मागे ओढून म्हणायची.

चळवळ पेटली की आमचा बोर्डही पेटायचा. दिल्लीची लाइन सगळ्यांना हवी. वर्तमानपत्रवाल्यांना हवी, सरकारी साहेबांना हवी, व्यापाऱ्यांना हवी. पुण्याच्या आया मुंबईच्या मुलांना शोधायच्या, बेळगावचे लोक इथल्या बातम्या विचारायचे. एका बाईनं मला कॉल जोडताना विचारलं होतं, ‘अहो, लालबागला शांत आहे का हो? माझा मुलगा तिथं राहतो.’ ठरलेल्या वाक्यांत याला उत्तर नव्हतं. मी सांगितलं, ‘आत्ता शांत आहे.’ मला काहीच माहीत नव्हतं. पण ती चूक वहीत गेली नाही.

नायगावच्या मुलीच्या उमेदवारीचे शेवटचे आठ दिवस आले आणि नेमका त्याच आठवड्यात मोठा हरताळ पडला. ट्राम बंद, बस बंद. लांबच्या मुलींना ऑफिसची गाडी सकाळी आणायची आणि संध्याकाळी सोडायची. निम्म्या मुली पोचल्याच नाहीत, म्हणून जवळ राहणाऱ्या सगळ्यांना स्प्लिट लावली. मलाही.

‘तुमची काही अडचण नाही ना?’ मॅडमनी विचारलं.

‘अजिबात नाही,’ मी म्हटलं. ‘मी वर्षभर केलीये.’

पहिल्या दिवशी अकराला घरी गेले, जेवले, झोपले, चारला आले. दुसऱ्या दिवशी साडेदहालाच बातमी आली की गिरगावात दगडफेक होऊन कर्फ्यू लागला. अकराला मी जिना उतरून खाली गेले, तर दारावरच्या शिपायानं अडवलं.

‘बाई, ठाकुरद्वारला पोचणार नाही तुम्ही. वर जा.’

घर बारा मिनिटांवर आणि मला तिथं जाता येत नव्हतं. डबा आणलेला नव्हता. मी वर आले आणि बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत गेले. वर्षभर त्या खोलीत मी फक्त चपला बदलायला जात होते. तिथं एक बाकडं, एक पाण्याचा माठ, एक खिडकी, ती न उघडणारी. बाकड्यावर दोन जुन्या ऑपरेटर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला कडेला जागा दिली. पण कानाशी त्यांच्या सुनांच्या तक्रारी सुरू झाल्यावर मी अर्ध्या तासात उठले.

जिन्याच्या वळणावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामध्ये, एक खिडकी होती. तिच्याखालच्या पायरीवर नायगावची मुलगी बसली होती. मांडीवर डबा, हातात पेन्सिल.

‘इथं काय करतेस?’

‘इथं वारा येतो, ताई.’

‘आत बाकडं आहे ना.’

ती डब्याचं झाकण उघडझाक करत राहिली. मग म्हणाली, ‘मी बसले की त्या उठतात. मग त्यांनाच उभं राहावं लागतं. त्यांच्या पायांना त्रास आहे. मला बरं नाही वाटत.’

मला समजायला एक क्षण लागला. मग समजलं. त्या दोघी तिला तोंडानं काही म्हणत नसत. नुसत्या उठत. माठाशीही ती जात नसे, पाण्याची बाटली नायगावहून आणायची.

‘रोज इथंच बसतेस?’

‘हो.’

‘अकरा ते चार?’

‘घरी जाऊन यायचं तर ट्रामला जाता-येता दोन तास जातात. आणि मग चाळीत सगळी विचारतात, आज लवकर कशी आलीस, काढलं की काय.’

‘मूर्ख आहेस,’ मी म्हटलं. ‘इतके महिने सांगितलं का नाहीस?’

‘तुम्ही म्हणालात ना, तुम्हीपण वर्षभर स्प्लिट केली. मला वाटलं, तुम्हीपण इथंच बसत होतात.’

मी तिच्या शेजारी बसले. तिनं डबा मधे ठेवला. ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि कोरडं बेसन. मी निम्म्याहून जास्त खाल्लं, हे आज कबूल करते.

पाच तास. तुम्ही कधी जिन्याच्या पायरीवर पाच तास बसला आहात का? पहिला तास बरा जातो. दुसऱ्या तासाला पाठ दुखते. तिसऱ्या तासाला घड्याळ बंद पडलंय असं वाटतं. झोप येते पण डोकं टेकायला भिंतीशिवाय काही नाही. वरून-खालून माणसं जातात आणि प्रत्येक वेळी पाय आवळून घ्यावे लागतात. त्या दिवशी बाहेर लांबवर गलका ऐकू येत होता आणि मला आईची काळजी लागली होती. नायगावची मुलगी मधूनमधून खिडकीकडे वळून पेन्सिलीनं काही खरडत होती आणि पुटपुटत होती.

‘काय करतेस?’

‘मार्ग पाठ करतेय. नागपूरची सरळ लाइन बंद असली तर कुठून फिरवायची, दिल्लीची बंद असली तर कुठून.’

‘ते बोर्डावरच्या तक्त्यात असतं.’

‘तक्त्यात बघताना मॅडम मागे आल्या तर हात थरथरतो. म्हणून आधीच पाठ.’

मी मनात म्हटलं, एवढी भित्री माणसं देव का घडवतो.

चारला आम्ही बोर्डावर बसलो. माझं डोकं ठणकत होतं, पाय सुजले होते. समोर दिवेच दिवे. नायगावच्या मुलीच्या मागे मॅडम येऊन उभ्या राहिल्या, शेवटच्या आठवड्याची पाहणी म्हणून. आणि माझ्याकडे दिल्लीचा कॉलवाला आला. कुणीतरी बडा सरकारी अधिकारी. त्यानं इंग्रजीत सांगितलं की कॉल तातडीचा आहे. मीही इंग्रजीत सांगितलं की दिल्लीच्या सगळ्या लाइनी भरल्या आहेत. त्यानं ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा त्याचा दिवा. पुन्हा. पुन्हा. पाचव्या वेळी त्यानं विचारलं की ऑपरेटरला झोप लागली आहे का, आणि लागली असेल तर सरकार तिच्यासाठी उशी मंजूर करील.

सकाळपासून मला त्या उशीचीच गरज होती.

मी कळ ओढली. म्हणजे ओढली असं मला वाटलं. थकलेल्या बोटांनी मी शेजारची, रिकाम्या दोरीची कळ ओढली होती. आणि मग मी आंटीची शिवी, तिसरी, बोंबलाची, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, चांगल्या खणखणीत आवाजात दिली.

इतका वेळ साहेबी इंग्रजी बोलणारा तो माणूस स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘काय कोंबाल?’

माझी वाचा बसली. आयुष्यात पहिल्यांदाच. कळ कुठली, प्लग कुठला, काही सुचेना. तेवढ्यात उजव्या बाजूनं एक हात आला. अजिबात न थरथरणारा हात. त्यानं माझी दोरी उपटून आपल्या बोर्डात घातली.

‘सॉरी टु कीप यू वेटिंग, सर,’ नायगावची मुलगी म्हणाली. ‘क्रॉस कनेक्शन झालं होतं. दुसऱ्या लाइनवरचं बोलणं आपल्याला ऐकू आलं. दिल्लीची सरळ लाइन भरलेली आहे, मी आपल्याला इंदूरवरून फिरवून देते. एक मिनिट.’

आणि तक्त्याकडे न बघता तिनं इंदूर मागितलं, इंदूरकडून पुढचं ठाणं, तिथून दिल्ली. मिनिट पुरं व्हायच्या आत तो माणूस दिल्लीशी बोलत होता. आंटी तोंडात पदर कोंबून बसली होती.

मागे कॅनव्हासचे बूट. आम्ही तिघीही ते विसरलो होतो.

आठ वाजता मॅडमनी आम्हा दोघींना टेबलाशी बोलावलं. नायगावच्या मुलीचा चेहरा पांढराफटक. सुपरवायझरसमोर गिऱ्हाइकाशी खोटं बोलणं म्हणजे नोकरी गेलीच, आणि तीही माझ्यापायी. त्या चाळीच्या गॅलऱ्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

‘क्रॉस कनेक्शन कुठल्या लाइनवर होतं?’ मॅडमनी विचारलं.

‘चूक माझी होती, मॅडम,’ मी म्हटलं.

‘तुम्हाला विचारलेलं नाही.’ मग तिच्याकडे वळून, ‘दिल्लीच्या लाइनवर बोंबील? पुढच्या वेळी सांगायचंच असेल तर कोकणाच्या लाइनवर झालं म्हणून सांगा. निदान पटेल तरी.’

त्या हसल्या नाहीत. पण वही उघडली आणि माझ्या पानावर एक चूक टिपली: चुकीची कळ. शिवीचा उल्लेख नाही. मग तिचं पान काढलं. उलट्या बाजूनं वाचायची आम्हा ऑपरेटरांना सवय असते, समोरच्या चिठ्ठ्या तशाच वाचाव्या लागतात. मी वाचलं. जवळजवळ सहा महिन्यांच्या चुका, प्रत्येकीपुढे वेळ. पाच वाजून दहा. सहा वाजून चाळीस. साडेसात. सकाळची एकही नव्हती. एकसुद्धा नाही.

‘मला अडचण आहे,’ मॅडम म्हणाल्या. ‘सकाळी ही मुलगी सगळ्यांत चांगली. संध्याकाळचं काम बघून हिला कायम करा असं मी लिहू शकत नाही. आजचा एक कॉल सोडला तर. उमेदवारी एक महिना वाढवते. त्यात काय ते दिसू द्या.’

बाहेर आलो. खाली ऑफिसची गाडी थांबली होती. कर्फ्यू उठला होता, मला चालत जाता येणार होतं. मी मनात एक लांबलचक उपदेश तयार करत होते, धीर धर वगैरे. पण तीच बोलली.

‘ताई, एक मागू?’

‘माग की.’

‘तुमची सरळ ड्युटी मला द्याल? महिनाभर. म्युच्युअल बदली करता येते, दोघींची सही लागते. मी नियम वाचलाय. तुमचं घर जवळ आहे.’

ती हे खाली बघत म्हणाली, पण एका दमात. किती दिवस पाठ केलं होतं कोण जाणे. मी घाबरट म्हणत होते ती हीच मुलगी. सरळ ड्युटी मिळायला मला वर्ष लागलं होतं. दुपारी तीनला सुटून मी शिवणाच्या क्लासला जात होते, ते बुडणार. खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी क्लासच आला. मग ती वही आली, सकाळची एकही चूक नसलेली.

‘कागद आण उद्या,’ मी म्हटलं. ‘आणि महिनाभर नाही, कायम होईपर्यंत.’

‘महिन्यातच होईन,’ ती म्हणाली आणि गाडीत चढली.

झालीही. आठ ते तीन बोर्डावर बसायची आणि घरी जाऊन दुपारचं जेवायची. थरथर तिची गेली नाही, दिवा लागला की दचकणंही गेलं नाही. पुढे तीसुद्धा सुपरवायझर झाली तेव्हाही फोनची घंटा वाजली की ती दचकायची. पण चुकांचं पान कोरं राहिलं. मॅडमनी शेरा लिहिला तेव्हा मला बोलावून म्हणाल्या, ‘तुम्ही हिला चांगलं शिकवलंत.’ मी ‘हो’ म्हटलं. त्या दिवशी खरं सांगायला वेळ नव्हता. आज सांगते: मी तिला शिकवलं काही नाही, फक्त आमचं घर जवळ होतं.

स्प्लिट ड्युटीला मी पुन्हा अकराला घरी जाऊ लागले आणि पुन्हा माझा कणखरपणा परत आला. आंटी म्हणाली, ‘आई जेवायला वाढते तवर तू लई शूर.’ मी कळ मागे ओढली आणि तिला उत्तर दिलं. पण आता ओढण्याआधी खाली बघत होते.

कायम झाल्याचा कागद आला त्याच आठवड्यात एका दुपारी आई मामाकडे गेली होती आणि मला घरी जायचं कारण नव्हतं. जिन्याच्या त्या वळणावर जाऊन बसले. खिडकीची चौकट पेन्सिलीनं भरली होती. नागपूर बंद, मग भुसावळवरून. दिल्ली बंद, मग इंदूरवरून. हैदराबाद, बेळगाव, सगळे मार्ग, त्या सुंदर अक्षरात, ओळीखाली ओळ. आणि सगळ्यात खाली, इतक्या बारीक अक्षरात की वाकून वाचावं लागलं, मी शिकवलेल्या तिन्ही शिव्या. पहिली, दुसरी आणि बोंबलाची. पाठ करण्यासाठी.

मॅडम त्याच जिन्यानं वर येत असत. मी रुमाल ओला करून शिव्या पुसून टाकल्या. मार्ग तसेच राहू दिले.